आतेने घासलेला आरसा

दुर्बिणीतून आकाश बघायला शांतता लागते, काळोख लागतो आणि धीर लागतो, असं ज्याने कुणी लिहून ठेवलं आहे तो आमच्या घरी कधी आलेला नसणार. आला असता तर पहिल्याच संध्याकाळी दुर्बीण काखेत मारून पळाला असता. आमच्या मागीलदारी, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या अंगणात, न्हाणीघर आणि बिंबलांचं झाड यांच्यामधे बाबांनी विटांचा एक बुटका चौथरा बांधून दिला होता, माझ्या दुर्बिणीसाठी. त्याला दुर्बिणीचा चौथरा घरातल्या कुणीही, एका दिवसासाठीही, मानलं नाही. सकाळी त्यावर भांडी पालथी पडलेली, दुपारी कोकमाची सोलं वाळत घातलेली, आणि तिनसानच्याला मी दुर्बीण घेऊन बाहेर यावं तर अण्णाकाकांचा ओला पंचा ऐसपैस पसरलेला. मी पंचा उचलायचा, दुर्बीण मांडायची, चंद्र नळीत आणायचा, कागद मांडीवर घ्यायचा, आणि नेमकी त्याच क्षणी आई न्हाणीघरावरचा दिवा लावायची. "आये, दिवो!" मी ओरडायची. "मगे काय काळोखात पाय मोडून घेव?" आई आतून. हा संवाद आमच्यात इतक्या वेळा झाला की शेवटी शेवटी आम्ही दोघी तो एकमेकींचं न ऐकताच बोलायचो.

दुर्बीण बाबांनी केली होती. ते मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला. वर्षातून एकदा रजेवर यायचे आणि रजा संपायच्या आत घरातलं काहीतरी दुरुस्त करून, दुसरं काहीतरी बिघडवून जायचे. त्या खेपेला त्यांनी मोडीत निघालेल्या बोटीच्या गोल खिडकीच्या दोन जाडजूड काचा आणल्या. पडवीत एक पिंप उभं केलं, त्यावर एक काच ठेवली, तिच्यावर घासायची पूड आणि पाणी, वर दुसरी काच, आणि ती वरची काच मागेपुढे घासत पिंपाभोवती फिरायचं. आळीपाळीने, एकदा बाबा, एकदा मी. खर्र खर्र, खर्र खर्र. रजाभर आमच्या घरात दुसरा आवाज नव्हता. अण्णाकाका, बाबांचे थोरले भाऊ आणि घरातले कर्ते, पडवीतून जाता-येता म्हणायचे, "ह्या दळाण संपतला कधी?" पुढे पूड बारीक होत गेली तसा आवाज मऊ झाला, आणि एक दिवस बाबांनी काच धुऊन उजेडात धरली तर ती मधे किंचित खोलगट झालेली होती. बोट फिरवलं तर कळणारही नाही इतकी. मग ती मुंबईला गेली, तिच्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ चंदेरी थर चढला आणि ती आरसा होऊन परत आली. बोटीवर परत जाताना बाबांनी मला एकच गोष्ट शंभर वेळा सांगितली. आरशाला हात लावायचा नाही. पदर लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, धूळ बसली तर बसू दे. ती मी घरातल्या प्रत्येकाला सांगितली. भिंतीला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

चंद्राची चित्रं काढायचं वेड लेले सरांनी लावलं. हे पुण्याचे गृहस्थ, आमच्या शाळेत भाषण द्यायला आलेले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत ते पुण्यात आकाशनिरीक्षणाचं शिबिर घेतात, आणि त्यात येण्याची त्यांची फी म्हणजे चित्रं. बीजेपासून पौर्णिमेपर्यंत प्रत्येक तिथीचा चंद्र, स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या हाताने काढलेला. एकही तिथी गाळायची नाही. चित्रं भाद्रपदाच्या पौर्णिमेपर्यंत टपालात पडली पाहिजेत. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अण्णाकाका पान लावत होते. मुलीच्या जातीने रोज काळोखात मागीलदारी बसणं त्यांना आधीच पसंत नव्हतं, वाडीतले लोक विचारत असत. त्यांनी पान तोंडात घातलं, नीट चावलं, आणि निकाल दिला. "पुण्याक बोलावल्यानी तर जा. मी आडवो येवचंय नाय. पण नाय बोलावल्यानी, तर ती नळी माळ्यार जातली आणि तू गुमान बारावीचो अभ्यास करतलंस. चलात?" मी म्हटलं चलात. दुसरं काय म्हणणार? अण्णाकाका दिलेला शब्द पाळणारे होते, दोन्ही बाजूंनी, हीच तर अडचण होती.

तर माझ्या बाकीच्या तिथी एकेक करून जमल्या आणि दशमी जमेना. दशमीने माझा जो छळ मांडला तो मी जन्मात विसरणार नाही. मुळात सप्तमीनंतरचा चंद्र दुर्बिणीत इतका झगझगीत व्हायचा की डोळ्याला पाणी यायचं, आणि कागदाकडे वळलं की कागदावर नुसता हिरवा-काळा गोळा नाचायचा. त्यात एका दशमीला मला ताप. एका दशमीला खारेपाटणला मावसबहिणीचं लग्न, आणि तिथे मी मांडवाबाहेर मान वर करून उभी, तर मावशी म्हणते, "हिका कोनी काय बोल्ला काय?" शिमग्यातल्या दशमीला ऐन वेळी रोंबाट, म्हणजे शिमग्याची नाचती मिरवणूक, घेऊन वाडीतली सगळी मंडळी पेट्रोमॅक्ससकट मागीलदारी, कारण पुढच्या खळ्यात जागा पुरेना. चैत्रातल्या दशमीला मुंबईचे पाहुणे. त्यांना सगळ्यांना चंद्र बघायचा होता. प्रत्येकाने डोळा लावायचा, नळीला धक्का द्यायचा आणि म्हणायचं, "मला काही दिसत नाही." दिसेल कसं, तुम्ही माडाच्या झावळीकडे बघताय! मी पुन्हा चंद्र आणून द्यायचा, पुढच्याने पुन्हा धक्का मारायचा. शेवटच्या काकूंनी डोळा लावला तेव्हा चंद्र खरोखरच माडाआड गेला होता. आणि पुढे मग पावसाळा.

परवा शेजारच्या होमस्टेमधे उतरलेली एक मुलगी माझी ही जुनी चित्रं बघून म्हणाली, काकू, एवढं हाताने काढत बसण्यापेक्षा फोटो का नाही घेतलेत? मी आता सत्तरीकडे झुकलेली बाई आहे, कोल्हापूरला जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवून पुन्हा ह्याच घरात येऊन राहिले आहे, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा कुणीतरी विचारतंच. अगं बाई, फोटो काढला की बघणं संपतं. चित्र काढायला बसलं की बघणं सुरू होतं. एका विवराची कड काढायची म्हणजे तिच्याकडे पन्नास वेळा बघावं लागतं, आणि एकावन्नाव्या वेळी कळतं की आपण पहिल्यापासून चुकीची काढली आहे. हे मी तिला सांगितलं. तिने माझा आणि चित्रांचा फोटो घेतला आणि गेली. त्यांच्या गच्चीवरचे फिरते रंगीत दिवे आता रात्रभर माझ्या मागीलदारी पडतात, ते बंद करा म्हणून सांगायचं मात्र राहूनच गेलं.

पावसाळ्यात आमच्याकडची हवा अशी की मिठाची बरणी रडते आणि चामड्याच्या चपलेवर हिरवी लव उगवते. आरशावर पांढरट डाग पडू लागले तेव्हा मी तो नळीतून काढून, मऊ कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला, कारण घरातली सगळ्यांत कोरडी जागा तीच. डाग होते, पण बाबांनी सांगितलेलं होतं, डाग असू देत. डागाळलेला आरसाही दिसायचं ते दाखवतो. श्रावण सगळा धो धो गेला. भाद्रपद लागला आणि आभाळात मधून मधून फटी पडू लागल्या. एकच दशमी हातात उरली होती, गणपतीच्या चवथीनंतरची. ती जमली तर पुणं, नाहीतर माळा.

चवथीच्या आदल्या दिवशी मी माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, बांधायचं सामान आणायला मालवणच्या बाजारात गेले होते. हरणाची फुलं, कांगण्यांचे घोस, कवंडाळाची गोल फळं, आंब्याचे टाळे असं सगळं पिशवीत कोंबून, भरलेल्या एसटीत उभी राहून घरी आले, आणि मागीलदारी पाय धुवायला गेले तर तिथे आते बसलेली. आते म्हणजे बाबांची बहीण. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी परत आली ती कायमचीच. घरात तिचा आवाज कमी आणि काम जास्त. अण्णाकाकांसमोर तर ती उभीसुद्धा राहायची नाही, दाराआडून बोलायची. चवथीची भांडी घासणं हे तिचं राज्य होतं. झाडाखाली बिंबलांचा ढीग, बोटभर लांबीची ती हिरवी आंबट फळं ठेचून पितळेवर चोळायची, वर चाळलेली राख, आणि नारळाच्या सोडणाने घसाघसा. समया, ताम्हण, घंटा, तांबे, पंचपाळं, सगळं घासून तिने चौथऱ्यावर ओळीने उन्हाला मांडलं होतं. समई आणि ताम्हण यांच्यामधे माझा आरसा होता.

आरसा म्हणायचा म्हणून म्हणते. त्यातून खालची वीट दिसत होती. विटेची भेग दिसत होती. भेगेतून चाललेली मुंगी दिसत होती.

"बघ गो बाय, कसो लखलखता!" आतेने हात झटकून मान वर केली. इतकी खूश मी तिला वर्षातून एकदा बघायचे, गणपती घरात येताना. "तांदळाच्या डब्यात गावलो माका. सगळो डागांनी भरललो. घरातली झाडून सगळी भांडी घासलंय, मगे तुझोच आरसो मळको कित्याक ठेव? एक डाग काय जाईना हो. तेका राख लावन घासलंय, मगे गेलो."

मी काय काय बोलले ते मला आठवतं, पण इथे लिहीत नाही. पिशवीतली कवंडाळं अंगणभर गडगडली एवढं सांगते. मी ओरडत होते आणि आते राखेचे हात तसेच पुढे धरून उभी होती. मुलामा गेला म्हणजे काय गेलं हे तिला पहिल्यांदा समजेचना. पितळ घासलं की जास्त पितळ दिसतं, मग आरसा घासला तर जास्त आरसा दिसायला नको? मग हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला. "परत लावक येता काय ता?" तिने विचारलं. "माका सांग कसा लावतत, मी लावन देतंय. रातभर बसतंय. आताच सांग." आता हिला काय सांगू, की मुंबईत कुठल्यातरी कारखान्यात हवा काढून घेतलेल्या पिंपात तो थर चढतो, आणि दशमी तर आठवड्यावर आली आहे? मी कपाळावर हात मारून घेतला. आई आतून आली, तिने सगळं बघितलं आणि म्हणाली, "आदी जेव. मगे रड." आमच्या आईचं हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालायचं.

चवथ आली. माझा अबोला चालू. आते माझ्या ताटात न मागता पातोळ्या वाढायची, मी त्या बाजूला सारायची. पंचमीची कंदमुळाची भाजी मला प्राणाहून प्रिय, तीही मी खाल्ली नाही, म्हणजे आतेच्या देखत खाल्ली नाही. आणि अशात अण्णाकाकांनी कहर केला. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं. पहिल्याच रात्रीची आरती झाली, भजनाची सगळी मंडळी दाटीवाटीने बसलेली, आणि अण्णाकाका हात जोडून खणखणीत आवाजात सुरू झाले.

"बा देवा गणपती म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" सगळी मंडळी.

"ह्या घरातल्या चेडवान चंद्र बघूची म्हणान दुर्बीण केल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेचो आरसो घरच्याच मानसाच्या हातान घासलो गेलो, तेची जी काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्या आरश्याक बरीशी कल्हई करून देवचो मार्ग दाखव रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजाऽ!"

कल्हई! पितळेच्या पातेल्याला आतून कथील लावतात ती कल्हई! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. टाळवाले माझ्याकडे वळून बघत होते, आते स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून बसली होती. मी नंतर काकांना समजवायला गेले. म्हटलं, अण्णाकाका, कल्हई लावायला भांडं विस्तवावर तापवतात. काच तापवली तर उभी फुटेल. ते म्हणाले, "तो कल्हईवालो काळ्याकुट्ट टोपाक आरश्यासारखो करता. मगे आरश्याक आरश्यासारखो करूक तेका काय जड जाता?" आणि काका थट्टा करत नव्हते. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं होतं. त्यांनी मालवणला निरोप धाडून कल्हईवाल्याला एकादशीच्या सकाळी घरी बोलावूनही ठेवलं.

दशमी उजाडली. आमचे गणपती पाच दिवसांचे, ते गेलेले होते, आणि घरात पुन्हा मासे आले होते. मी दिवसभर एकाच विवंचनेत, की उद्या सकाळी तो माणूस यायच्या आत हा आरसा लपवायचा कुठे? तांदळाचा डबा आता सगळ्यांना ठाऊक. कपाटाची किल्ली काकांकडे. संध्याकाळी माझ्या डोक्यात आलं की दुर्बिणीच्या नळीच्या तळाशी, जिथली जागा तिची, तिथेच आरसा बसवून टाकला तर कुणी बघणार नाही. चोराने चोरलेली वस्तू मालकाच्या घरी ठेवावी तसं. मी न्हाणीघरामागे जाऊन तो बसवला, स्क्रू पिळले. नळी चौथऱ्यावर ठेवली. तेवढ्यात ढगांत एक फट पडली आणि चंद्र बाहेर आला. मी काही आशेने बघितलं नाही हो. सवय म्हणून, माणूस रिकाम्या घड्यात हात घालून बघतो तसा, डोळा लावला.

चंद्र होता. कोऱ्या काचेवरूनही थोडा उजेड परत फिरतो. दिवेलागणीला खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसतं, तेवढाच. हे मला पुस्तकातून माहीत असायला हवं होतं आणि नव्हतं. आणि दशमीचा तो आंधळं करणारा चंद्र त्या थोड्या उजेडात शांत, मऊ, दुधाच्या सायीच्या रंगाचा होऊन समोर उभा होता. डोळ्याला पाणी नाही, हिरवा गोळा नाही. उजेड जिथे संपतो त्या रेषेवर एक अर्धगोल आखात, लेले सर ज्याला इंद्रधनुष्याचं आखात म्हणायचे ते, आणि त्याच्या काठावरच्या डोंगरांची फक्त शिखरं उन्हात आलेली, खालची जमीन अजून काळोखात. मी त्याआधी ते कधी बघितलं नव्हतं. इतके महिने ते त्या झगमगाटात बुडालेलं होतं.

मी धावत जाऊन कागद आणला. दोन रेघा मारते न मारते तोच बारीक भुरभुर सुरू झाली, चंद्र वर असतानाच. स्वयंपाकघरातून बांगडे तळल्याचा वास येत होता आणि आते मला जेवायला बोलवायला दारात येऊन नुसतीच उभी होती, कारण आठवडाभर आम्ही बोलत नव्हतो. "छत्री!" मी ओरडले. "आते, छत्री घेवन ये! कागदार धर. अगो माझ्यार नको, कागदार! आणि नळीच्या तोंडासमोर येव नको. हल नको! दिवो बंद कर आदी!" आतेने जन्मात पहिल्यांदा न्हाणीघरावरचा दिवा स्वतःच्या हाताने बंद केला. मग ती छत्री धरून उभी राहिली. तिची पाठ भिजत होती. मी बघायची, काढायची, बोटाने पुसायची, पुन्हा बघायची, मधेच ढग आला की दोघी वर बघत उभ्या, मधेच गेला की पुन्हा. आईने आतून हाका मारल्या, मग तीही थांबली. शेवटी आखाताच्या टोकाचा डोंगर कागदावर आला आणि ढगांनी दार लावून घेतलं ते कायमचं. त्याच्या जरा आधी मी आतेला ओढून नळीशी आणलं होतं. "माका कित्याक गो?" असं तीनदा म्हणून तिने डोळा लावला. बराच वेळ लावला.

"हेका देवी इल्ले की काय गो कधी?" तिने विचारलं. "सगळ्या आंगार वण."

चित्रं टपालात पडली. एकादशीला कल्हईवाला आला आणि घरातली दोन पातेली कल्हई करून गेला, आरसा काही त्याला सापडला नाही. आश्विनात पुण्याहून कार्ड आलं, की चित्रं मिळाली, शिबिराला यावे. मी ते अण्णाकाकांच्या हातात नेऊन दिलं. काकांनी कार्ड उलटसुलट बघितलं. आडवं येणार नाही असा शब्द दिलेला होता आणि त्यांना तो आठवतही होता, पण घोडं भलत्याच ठिकाणी अडलं. "बोलावल्यानी खरा. पण एकट्या चेडवाक पुण्याक धाडूचा कसा? माका भात कापणी आसा. तुझी आवस घर सोडून जावक शकना नाय. कोण जातला वांगडा?" मी म्हटलं, म्हणजे झालंच! इतकं सगळं करून माळा तो माळाच. मी रडकुंडीला येऊन भांडायला तोंड उघडणार एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आते बाहेर आली. दाराआडून बोलली नाही. ओटीवर, काकांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मी जातंय," ती म्हणाली.

ही बाई कुणकेश्वरच्या जत्रेपलीकडे कुठे गेलेली नव्हती. काका तिच्याकडे बघतच राहिले. मग उठून आत गेले आणि एसटीच्या भाड्याचे पैसे आणून तिच्या हातात ठेवले.

त्या प्रवासाबद्दल मी न लिहिलेलंच बरं. खारेपाटण यायच्या आत आतेला गाडी लागली ती घाट संपेपर्यंत. तिने डोकं खिडकीबाहेर काढलं तर मागच्या खिडकीवाले शिव्या देत, आत घेतलं तर शेजारचे मला देत. आरशाचा डबा आम्ही बरोबर घेतला होता, पुण्यात मुलामा परत चढवून मिळतो का बघायला. तो तिने मांडीवरून खाली ठेवला नाही, ओकारी येत असतानाही. आणि बरं वाटलं की डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत राहायची. मला वाटलं, नामस्मरण चाललं आहे. मी वैतागून म्हटलंसुद्धा, "आते, जरा झोप आता."

पुण्यातला हॉल मोठा होता. सगळ्यांची चित्रं दोरीला चिमट्यांनी लावली होती, आणि समोर सतरंजीवर आम्ही मुलंमुली. आते मागे दाराजवळ, सगळ्यांच्या पिशव्यांच्या ढिगाशेजारी डबा घेऊन बसली होती. लेले सर एकेका चित्रापुढे थांबून बोलत होते. माझ्या दशमीपुढे थांबले, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "हे आखात इतकं स्वच्छ," ते म्हणाले, "दशमीच्या झगमगाटात? कुणाचं आहे हे? आरशाचं काय केलं होतंत?" सगळी मुलं माना वळवून बघायला लागली. मी उभी राहिले. बिंबलं म्हणू? राख म्हणू? कुठून सुरुवात करू?

मागून आवाज आला. आते उठली होती. डबा छातीशी धरलेला, डोक्यावरून पदर. ती बोलली ती पुस्तकातली मराठी होती. जन्मात कधी तिच्या तोंडून न ऐकलेली, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखी.

"साहेब, हा आरसा माझ्या हाताने खराब झाला. ह्या मुलीची काहीही चूक नाही. तिने मला हात लावू नको म्हणून सांगितले होते. तिला कृपा करून परत पाठवू नका." इथे तिने पाठ केलेलं संपलं. मग ती घाईघाईने म्हणाली, "काय शिक्षा करूची ती माका करा. चेडवाक रवानदे."

घाटभर ती काय पुटपुटत होती ते मला तेव्हा कळलं. चित्र चांगलं आलं, शिबिराला बोलावणं आलं, हे सगळं मी तिला दहादा सांगितलं होतं. पण आरसा बघितला की ही माणसं माझ्या पोरीला परत धाडणार, ही भीती पोटात धरून ती ओकत ओकत इथवर आली होती, त्यासाठीच आली होती. मला तिचा असा संताप आला, की सगळ्या हॉलसमोर तिला जाऊन गदागदा हलवावं. आणि रडूही आलं, ते आवरेना.

लेले सर तिच्यापर्यंत चालत गेले. त्यांनी डबा उघडून काच उजेडाकडे धरली, तिच्यातून आरपार पलीकडचं दार बघितलं, आणि काच परत तिच्या हातात दिली. "कुणालाही परत पाठवत नाही, बाई," ते म्हणाले. "ती इथे तिच्या चित्रांवर आली आहे. तुम्ही बसा."

आते बसली. मी माझ्या ओळीतून उठले, मुलांच्या पायांतून वाट काढत मागे गेले आणि पिशव्यांच्या ढिगाशेजारी तिला खेटून बसले. ती पदराने घाम पुसत होती.

"बरा बोललंय मा गो?" तिने हळूच विचारलं.

"बरा बोललंस," मी म्हटलं. आणि तिच्या मांडीवरचा डबा माझ्या मांडीवर घेतला.